भाड्याची गाडी आणि मांडीवरचे मूल

उन्हाळ्याची सुट्टी लागली की पालघर-बोईसर भागातील ट्रॅव्हल्सवाल्यांचे फोन वाजू लागतात. कोणाला जव्हारला जायचे असते, कोणाला बोर्डीला, कोणाला सिल्वासाला. तारापूर औद्योगिक वसाहतीत पाळी करणारा कामगार असो की स्टेशनाबाहेरचा दुकानदार, वर्षातून एकदा तरी बायकामुलांना घेऊन दोन दिवस बाहेर पडावे असे त्याला वाटते. घरची गाडी असतेच असे नाही, असली तरी सगळे कुटुंब तीत मावत नाही. मग सात सीटची गाडी ठरते. किलोमीटरला किती, चालकाचा भत्ता किती, टोल कोणाचा, एसी चालणार की नाही, यावर अर्धा तास घासाघीस होते. या सगळ्या बोलण्यात एक प्रश्न मात्र आम्ही कोणाच्या तोंडून ऐकला नाही, तो म्हणजे लहान मूल बसणार कुठे? प्रश्न निघत नाही, कारण उत्तर सर्वांनी गृहीत धरलेले असते. मूल आईच्या मांडीवर बसणार.

या मांडीवरच आम्हाला आज लिहायचे आहे. व्यापाराच्या पानावर हा विषय कशाला, असे काही वाचक म्हणतील. पण गाडी भाड्याने देणे हा व्यापारच आहे. आपल्या भागातले अनेक तरुण कर्ज काढून एक-दोन गाड्या घेतात आणि त्यावर संसार चालवतात. सीट कव्हर शिवणारे, गॅरेजवाले, चालक असे कितीतरी जण त्यावर पोसले जातात. ग्राहकाला आपण काय विकतो याचा विचार त्यांनी करायचा नाही तर कोणी करायचा?

आपल्या जिल्ह्याला यासाठी दूरचे उदाहरण नको. ४ सप्टेंबर २०२२ रोजी उदवाड्याहून मुंबईकडे निघालेली मर्सिडीज चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलाच्या कठड्यावर आदळली. टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री आणि त्यांच्याबरोबरचे जहांगीर पंडोल हे त्यात मरण पावले. दोघेही मागच्या सीटवर होते आणि दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. पुढे बसलेले दोघे जबर जखमी झाले, पण वाचले. एवढी महागडी गाडीही न बांधलेल्या माणसाला वाचवू शकली नाही. त्यानंतर काही आठवडे जिकडे तिकडे मागच्या पट्ट्याची चर्चा झाली. मुंबई वाहतूक पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून शहरात मागच्या प्रवाशांनाही पट्ट्याची सक्ती केली. पण बोलणे सगळे मोठ्या माणसांचे झाले. मुलांचे नाव त्यात फारसे निघाले नाही.

वास्तविक कायद्याने मुलांचे नाव त्याआधीच घेतले होते. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि १९४-बी हे कलम आले. चौदा वर्षांखालचे मूल पट्ट्याने किंवा मुलांच्या खास सीटने बांधलेले नसेल तर एक हजार रुपये दंड, असे ते सांगते. हा दंड फक्त चालवणाऱ्याला नाही. तशी गाडी चालवू देणाराही त्यात येतो. गाडीमालकांनी हे शब्द नीट वाचावेत. २०२३ पासून तर मोटारसायकलवरच्या चार वर्षांखालील मुलालाही हेल्मेट आणि चालकाशी बांधणारा पट्टा असावा, वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नसावा, असा नियम आहे. तो पाळला जाताना कोणी पाहिला असेल तर आम्हाला जरूर कळवावे.

कायदा बाजूला ठेवू आणि साधा हिशेब करू. गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने जात आहे, म्हणजे महामार्गाच्या मानाने हळूच. ती कशावर तरी आदळून एक दशांश सेकंदात थांबली, तर आतल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या साधारण चौदा पट जोर येतो. दहा किलोचे मूल त्या क्षणी एकशेचाळीस किलोच्या जोराने हातातून सुटू पाहते. एवढे ओझे धरून ठेवणारी आई जगात नाही, तिची माया कितीही मोठी असली तरी. त्यातून आईनेही पट्टा लावलेला नसेल तर तिचे स्वतःचे वजन मागून मुलावर येते आणि मूल पुढच्या सीटच्या पाठीवर चिरडले जाते. आईने स्वतःचा पट्टा मुलालाही घेऊन लावला तरी तोच प्रकार, कारण पट्टा आणि आई यांच्यामध्ये मूल सापडते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मुलांच्या सीटमुळे तान्ह्या बालकांचे मृत्यू ७१ टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतात.

आता आमचीच गोष्ट. मागच्या थंडीत आम्ही बोईसरहून कुटुंबासह जव्हारला निघालो. बरोबर दीड वर्षाची नात होती. मुलगा दुबईला असतो, त्याने तिकडून येताना तिची सीट आणली होती. तेव्हा या खेपेस आपण शहाण्यासारखे वागू, अशी आमची समजूत होती. गाडी दाराशी आली, सीट आत ठेवली आणि पट्टा कशात अडकवायचा ते शोधू लागलो, तर खाच सापडेना. मालकाने नवे कोरे रेक्झिनचे कव्हर शिवून घेतले होते आणि मागचे तिन्ही बकल त्याच्याखाली गाडले गेले होते. चालक भला माणूस. तो म्हणाला, "भाई, मागं कोण पट्टा लावतंय? आजपर्यंत कोणी मागितलाच नाही." घरातली मंडळी गाडीत बसून ओरडत होती, ऊन चढत होते. आम्ही काय केले? चारचौघे करतात तेच केले. सीट टपावरच्या कॅरिअरला बांधली आणि नात मांडीवर घेतली. चिल्हार फाट्याला महामार्गावर चढलो आणि मनोरपर्यंत ट्रकांच्या रांगेतून जाताना आमचे लक्ष बाहेर नव्हतेच, सारखे त्या मुलीच्या मानेकडे होते. विक्रमगडला चहाला थांबलो तेव्हा चालकानेच पान्ह्याने कव्हरचे हूक काढले. आतून बकल निघाले, त्यांच्यावरचे कंपनीचे प्लास्टिकही अजून तसेच होते. पुढचा घाट नातीने आपल्या सीटमध्ये झोपून पार केला.

दोष आम्ही मालकाला देत नाही. आम्हीही गाडी ठरवताना विचारले नव्हते. पण या प्रवासात एक गोष्ट पक्की कळली. घरच्या गाडीसाठी सीट निवडणे आणि भाड्याच्या गाडीसाठी निवडणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरच्या गाडीत सीट एकदा बसवली की बसली. भाड्याच्या गाडीत आज एक गाडी येईल, उद्या दुसरी. दुकानदार हल्ली आयसोफिक्सच्या सीट दाखवतात. त्या गाडीच्या लोखंडी कड्यांत थेट अडकतात आणि चुकीच्या बसण्याची भीती कमी असते, हे खरे. पण जुन्या गाडीत ती कडी नसली तर ती सीट घेऊन करणार काय? शिवाय तीन रांगांच्या गाड्यांत ही कडी साधारणतः मधल्या रांगेतच मिळते, आणि मधली रांग आजोबांनी आधीच धरलेली असते. तेव्हा सहलीसाठी जो घेईल त्याने गाडीच्या साध्या तीन टोकी पट्ट्यानेही बसणारी, हलकी आणि अरुंद सीट घ्यावी, असे आमचे मत आहे.

वयापेक्षा वजन आणि उंची पाहावी. युरोपातल्या जुन्या आर ४४ मानकाप्रमाणे जन्मापासून १३ किलोपर्यंतची सीट वेगळी, ९ ते १८ किलोंची वेगळी, आणि १५ ते ३६ किलोंसाठी उंची वाढवणारी बूस्टर वेगळी. नव्या आर १२९ मानकात उंचीवर मोजमाप आहे आणि पंधरा महिन्यांपर्यंत मुलाचे तोंड गाडीच्या मागच्या बाजूला असलेच पाहिजे, असा त्यात दंडक आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे विचित्र वाटते. मुलाचे तोंड उलटे, त्याला काही दिसत नाही, म्हणून ते रडणार. पण तान्ह्या मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड आणि मान कोवळी असते. समोरून धक्का बसला तर उलट्या सीटची पाठ डोके, मान आणि पाठ सगळे एकदम झेलते. सुलट्या सीटमध्ये छाती पट्ट्याने अडते आणि डोके मात्र पुढे झेपावते. रडणे थांबवता येते, गाडी बाजूला घेऊन दूध पाजता येते. तसेही तान्ह्या मुलाला सलग दोन तासांहून अधिक त्या सीटमध्ये ठेवू नयेच.

एक धोका आम्ही ठळकपणे सांगू इच्छितो. ही उलटी सीट पुढे चालकाच्या शेजारी कधीही ठेवू नये. आताच्या गाड्यांत तिथे समोर एअरबॅग असते. ती फुटली की सीटच्या पाठीवर, म्हणजे मुलाच्या डोक्यामागेच, घणासारखी आदळते. मोठ्यांना वाचवणारी वस्तू तान्ह्याचा जीव घेते. मागे समोरासमोर बाक असलेल्या जुन्या जीपगाड्या अजून आपल्याकडे फिरतात. त्या आडव्या बाकावर कोणतीही सीट बसवता येत नाही. लहान मूल बरोबर असेल तर तशी गाडी घेऊच नये, शंभर-दोनशे रुपये स्वस्त मिळाली तरी.

आखातातून येणारे आपले बांधव हल्ली सीट घेऊन येतात. अमिरातींत २०१७ पासून चार वर्षांपर्यंतच्या मुलाला सीट सक्तीची आहे, त्यामुळे तिथे ती घरोघरी असते. भावाचे मूल मोठे झाले की ती बहिणीकडे, तिथून शेजारी. यात वाईट काही नाही, उलट बचतच. फक्त तिच्यावरचे लेबल पाहावे. युरोपीय मानकाच्या सीटला नारिंगी पट्टीवर गोलात इंग्रजी ई अक्षर असते. आपल्या देशाचे मानक एआयएस ०७२ आहे. लेबल फाटलेली, पट्टे विरलेली किंवा एखाद्या अपघातातून गेलेली सीट कोणी फुकट दिली तरी घेऊ नये. प्लास्टिकला आतून गेलेली चीर वरून दिसत नाही. आणि सीट निघायच्या आदल्या दिवशी बसवून पाहावी. बसवल्यावर पट्ट्याच्या जागी धरून हलवली तर ती दोन-तीन सेंटीमीटरहून जास्त सरकता कामा नये. केळव्याच्या किनाऱ्यावर गाडी उन्हात उभी राहिली तर बकलवर ओला टॉवेल टाकून ठेवावा. तापलेल्या बकलचा चटका एकदा बसला की मूल पुन्हा त्या सीटजवळ फिरकत नाही.

आता मालकांकडे वळू. मुले विमानाने येणाऱ्या पाहुण्यांची असोत की उमराहला निघालेल्या आजी-आजोबांना मुंबई विमानतळावर सोडायला आलेली असोत, प्रत्येक ग्राहकाने स्वतःची सीट बाळगावी ही अपेक्षा अवाजवी आहे. मूल दोन वर्षांत मोठे होते आणि सीट माळ्यावर जाते. वर्षातून एका सहलीसाठी पाच-सात हजार रुपये घालणे गरीब माणसाला परवडणारे नाही. पण ज्याच्या तीन-चार गाड्या आहेत त्याने दोन सीट आणि दोन बूस्टर ठेवले तर? फेरीमागे दोनशे रुपये जास्त घेतले तरी तीस-पस्तीस फेऱ्यांत एका सीटचे पैसे सुटतात, आणि पुढची कमाई निव्वळ. स्टेशनाजवळचे दोघे-तिघे मालक मिळूनही हा साठा ठेवू शकतात. बँडवाले आणि मंडपवाले एकमेकांचे सामान नेतातच की. कव्हर धुवावे, चालकाला बसवायला शिकवावे, एवढीच मेहनत. ज्या ट्रॅव्हल्सच्या पाटीवर "मुलांची सीट मिळेल" असे लिहिलेले असेल तिच्याकडे नव्या कारखान्यांचे अधिकारी, अणुऊर्जा वसाहतीतली कुटुंबे आधी जातील, हे सांगायला ज्योतिषी नको.

याच ठिकाणी पांढऱ्या पाटीच्या गाड्यांचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. ओळखीतल्या माणसाची खासगी गाडी "पेट्रोल आणि थोडे वर" या बोलीवर नेणे सर्रास चालते. टॅक्सीची पाटी पिवळी आणि अक्षरे काळी, स्वतः चालवायला मिळणाऱ्या भाड्याच्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरे पिवळी, हे ग्राहकाने ओळखून ठेवावे. खासगी विम्याची गाडी भाड्याने फिरवली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी नेमके तेच कारण पुढे करते. मग ओळख आणि भरपाई दोन्ही जातात.

सर्व मालक सीट घेतील तेव्हा घेतील. त्यासाठी भांडवल लागते, हे आम्हालाही समजते. पण दिवाळीच्या सुट्टीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी एक काम प्रत्येकाला करता येईल. गाडी सीट कव्हरवाल्याकडे न्यावी आणि मागच्या तिन्ही बकलांच्या जागी चिरा मारून कडा शिवून घ्याव्यात. नवे कव्हर शिवायला टाकताना आधीच सांगितले तर कारागीर त्याचे वेगळे पैसेही मागत नाही.