कपाटातले प्रवाळ आणि ओहोटीची वेळ

आपल्या जुन्या शाळांच्या विज्ञान-प्रयोगशाळेत एक काचेचे कपाट हमखास आढळते. फॉर्मलिनच्या बरणीत वेटोळे घातलेला साप, एखादा वाळलेला तारामासा, दोन-चार शंख आणि सर्वांत वरच्या फळीवर फांद्या फुटलेला, धुळीने माखलेला एक पांढरा दगड. खाली चिठ्ठी : ‘प्रवाळ’. आमच्या विद्यार्थिदशेत असे कपाट होते. अलीकडे एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला आम्ही गेलो, तेव्हा तेथेही ते उभे होते. आठवीच्या काही मुलांना आम्ही त्या पांढऱ्या वस्तूविषयी विचारले. एक म्हणाला, “दगड आहे, फादर.” एका मुलीने सांगितले, “अंगठीत घालतात ते पोवळे.” तिसऱ्याने पाठ्यपुस्तकातील वाक्य एका दमात म्हणून दाखविले : प्रवाळ हे उष्ण कटिबंधातील उथळ समुद्रात आढळतात. परीक्षेत या उत्तराला पूर्ण गुण मिळाले असते. ती वस्तू एके काळी जिवंत होती, हे मात्र कोणाच्याही तोंडून आले नाही. शेजारच्या टेबलावर थर्मोकोलची रंगीबेरंगी प्रवाळभित्ती मांडली होती व तिला पारितोषिकही मिळाले. ते थर्मोकोल पुढे कोठे जाणार, असा प्रश्न परीक्षकांपैकी कोणी विचारला नाही. परीक्षकांत आम्हीही होतो.

हा प्रसंग येथे सांगण्याचे कारण जगाच्या वार्तापत्रांत आहे. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी प्रवाळांच्या चौथ्या जागतिक विरंजनाची, म्हणजे ते सामूहिकरीत्या पांढरे पडण्याची, घोषणा केली. जानेवारी २०२३ ते मार्च २०२५ या काळात जगातील सुमारे ८४ टक्के प्रवाळक्षेत्राला घातक उष्णतेची झळ पोहोचली. १९९८ साली पहिल्यांदा असे संकट आले, तेव्हा हे प्रमाण २१ टक्के होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये १६० शास्त्रज्ञांनी मिळून प्रसिद्ध केलेल्या अहवालात तर उष्ण समुद्रांतील प्रवाळभित्तींनी ऱ्हासाची सीमारेषा ओलांडली असल्याचे म्हटले आहे. काही अभ्यासकांना हा निष्कर्ष घाईचा वाटतो. परंतु घसरण किती वेगाने होत आहे, एवढ्यापुरताच हा वाद आहे. घसरण होत आहे, याविषयी दुमत नाही.

प्रवाळ म्हणजे सूक्ष्म प्राण्यांची वसाहत. पॉलिप नावाचा हा मऊ, इवलासा जीव समुद्राच्या पाण्यातून चुना घेतो व स्वतःभोवती कठीण घर बांधतो. त्याच्या शरीरात एकपेशीय शैवाल राहते. शैवालाला आसरा मिळतो आणि त्याने सूर्यप्रकाशात तयार केलेल्या अन्नातून प्रवाळाची बहुतांश गरज भागते. प्रवाळाचे रंगही मुख्यतः या भाडेकरूंचेच. पाण्याचे तापमान उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल पातळीपेक्षा अवघ्या एका अंशाने वाढून काही आठवडे तसेच राहिले, तर हा संसार मोडतो. प्रवाळ शैवालाला बाहेर टाकतो आणि त्याच्या पारदर्शक देहातून खालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. या अवस्थेत तो मेलेला नसतो, उपाशी असतो. पाणी लवकर निवले तर तो सावरतो. न निवले तर मरतो. शाळेच्या कपाटात मूल जे पाहते, तो हाच सांगाडा. जिवंत प्रवाळाची ओळख होण्याआधीच त्याच्या अस्थींची ओळख करून देण्याची ही पद्धत आम्हांला विचित्र वाटते.

अर्थात, ‘दगड’ म्हणणाऱ्या मुलाला दोष देता येणार नाही. अठराव्या शतकापर्यंत युरोपातील मोठमोठे पंडित प्रवाळाला वनस्पती समजत होते. तो प्राणी आहे, असे पेसोनेल नावाच्या फ्रेंच वैद्याने १७२० च्या दशकात सांगितले, तेव्हा त्याचा प्रबंध मांडणाऱ्या विद्वानाने त्याची लाज राखण्यासाठी म्हणे त्याचे नावच गाळले! शिवाय अंगठीतले व जुन्या रोझरींतले तांबडे पोवळे भूमध्य समुद्रातील वेगळ्या जातीचे. ते प्रवाळभित्ती बांधत नाही. नाव एक असल्याने हा घोटाळा आपल्या घरांतून शाळेपर्यंत जातो.

भारतात मोठी प्रवाळक्षेत्रे चार : कच्छचे आखात, मन्नारचे आखात, लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबार. लक्षद्वीपच्या अगत्ती, कदमत व कवरत्ती या बेटांभोवती चोवीस वर्षे चाललेल्या पाहणीत जिवंत प्रवाळाचे आच्छादन १९९८ मधील सुमारे ३७ टक्क्यांवरून २०२२ मध्ये १९ टक्क्यांच्या आसपास उतरल्याचे आढळले. मन्नारची कथा आपल्याला अधिक जवळची आहे. १५४२ साली संत फ्रान्सिस झेवियर ज्या मोती वेचणाऱ्या परवर कोळ्यांमध्ये गेले, तोच हा किनारा. येथे पिढ्यान्‌पिढ्या प्रवाळ खणून चुना भाजला गेला, बांधकामे झाली. खणणाऱ्यांत आपले ख्रिस्ती बांधवही होते आणि त्यांना दुसरे कोणते पोटापाण्याचे साधन कोणी दाखविले नव्हते, हेही नमूद केले पाहिजे. त्या खाणकामाचा परिणाम असा, की एकवीस बेटांपैकी दोन पाण्याखाली गेली. भिंत काढली की लाट आत येते. यासाठी मुलांना वेगळे तत्त्वज्ञान शिकवावे लागत नाही. २००१ साली सर्व दगडी प्रवाळांचा समावेश वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत झाला. वाघाला जे संरक्षण आहे, तेच आज प्रवाळाला आहे. वाघाबद्दल पहिलीच्या मुलालाही ठाऊक असते.

महाराष्ट्रात प्रवाळ आहे काय? आहे, पण अतिशयोक्ती नको. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालच्या पाण्यात तो आहे. तेथे १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झाले आणि मच्छीमारांना विश्वासात न घेतल्याने ते वर्षानुवर्षे वादात राहिले. विजयदुर्गपासून शंभरहून अधिक किलोमीटर आत, कान्होजी आंग्रे यांचे नाव धारण करणारा आंग्रिया बँक हा बुडालेला प्रवाळी उंचवटा आहे. आणि मुंबईत, होय, मुंबईतही, वरळी व हाजीअलीच्या कातळांवर प्रवाळाच्या लहान वसाहती आहेत. त्यांना प्रवाळभित्ती म्हणता येत नाही. गढूळ पाणी, सांडपाणी आणि भरतीबरोबर येणारा गाळ सोसून त्या कशाबशा तगल्या आहेत. किनारी मार्गाच्या कामात आलेल्या अशा १८ वसाहती २०२० साली उचलून दुसरीकडे लावण्यात आल्या. त्यावेळी अनेकांना प्रथमच कळले, की आपल्या शहराच्या पायथ्याशी असा जीव राहतो. एखाद्या शेजाऱ्याची ओळख तो घर सोडून जाताना व्हावी, तसे झाले.

१९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शिक्षणात अनिवार्य करण्याचा आदेश दिला व २००३ मध्ये त्याच्या अंमलबजावणीसाठी पुन्हा बजावले. विषय आला, पुस्तक आले, प्रकल्पवह्याही आल्या. प्रकल्पवही बहुधा वडील संगणकावरून छापून आणतात व आई चिकटवते. शिक्षकांनाही आम्ही सर्वस्वी दोषी धरीत नाही. पन्नास-साठ मुलांचा वर्ग, जनगणनेची कामे, निवडणुकीची कामे, आणि वर्षात जेमतेम एक सहल, तीही एखाद्या जलक्रीडा उद्यानात. तरीही ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या नागरिकांच्या उपक्रमाने २०१७ पासून जे करून दाखविले, ते विसरता येत नाही. ओहोटीच्या वेळी लोकांना किनाऱ्यावर न्यायचे, कातळातील डबक्यांपाशी उकिडवे बसवायचे आणि समोर जे हलते आहे ते पाहू द्यायचे. त्यांची पद्धत एवढी साधी आहे.

ऑस्ट्रेलियात ग्रेट बॅरियर रीफच्या प्राधिकरणाने २००३ साली ‘रीफ गार्डियन’ शाळांची योजना सुरू केली. शेकडो शाळा तीत आल्या. समुद्रापासून दूर असलेल्या शाळांनाही तीत स्थान आहे, कारण शेतातील माती व खते नदीवाटे प्रवाळापर्यंत पोहोचतात. आमच्या मते ही मोठी शहाणपणाची गोष्ट. मूल आपल्या गावच्या ओढ्यापासून समुद्राकडे पाहायला शिकते. परंतु त्याच रीफवर २०१६, २०१७, २०२०, २०२२ आणि २०२४ साली सामूहिक विरंजन झाले. दोन दशके उत्तम शिक्षण, कडक कायदे, भरपूर पैसा असूनही समुद्र तापायचा तो तापलाच. कोळसा व तेल जाळल्याने साचलेली उष्णता शाळेच्या कुंपणाकडे पाहून थांबत नाही.

येथेच खरी अडचण आहे, आणि शालेय पर्यावरण शिक्षण तिला बगल देते असे आमचे मत आहे. किनारा स्वच्छ करा, प्लास्टिक उचला, म्हणजे प्रवाळ वाचेल, असे आपण मुलांना सांगतो. प्लास्टिक उचललेच पाहिजे. पण या वाक्याचा उत्तरार्ध खरा नाही. एका मुख्याध्यापिकेने आमच्याशी बोलताना हरकत घेतली : मुले लहान आहेत, समुद्र तापून सर्व मरणार असे सांगितले तर ती घाबरतील. ही चिंता खोटी नाही. तथापि आपल्या गावांतील मुले मयताला जातात, आजीच्या खाटेपाशी बसतात, मृत्यू त्यांना अपरिचित नाही. त्यांना अधिक इजा होते ती फसवणुकीने. बाराव्या वर्षी पिशव्या उचललेल्या मुलाला सतराव्या वर्षी कळते, की मोठ्यांनी मुख्य कारण सांगितलेच नव्हते. मग ते पिशवीही उचलत नाही आणि मोठ्यांवरही विश्वास ठेवीत नाही. म्हणून दोन्ही गोष्टी सांगाव्यात. उष्णतेचे कारण इंधन आहे, ते कमी करणे हे मुलांपेक्षा मोठ्यांचे, सरकारांचे व उद्योगांचे काम आहे, हे स्पष्ट सांगावे. आणि हेही सांगावे, की ज्या पाण्यात सांडपाणी, गाळ व पर्यटकांचे पाय कमी पोहोचतात, तेथे उष्णतेच्या झटक्यातून सावरण्याची संधी प्रवाळाला अधिक मिळते. यात आशेला जागा आहे, पण ती फुकटची नाही.

चर्चने या विषयात मौन पाळलेले नाही. फिलिपाईन्समध्ये सुरुंग व सायनाईड वापरून मासे मारण्याने प्रवाळांचा विध्वंस झाला. तेथील महागुरूंनी १९८८ साली निसर्गावरील पत्रात त्याचा जाब विचारला आणि दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात प्रवाळांविषयी लिहिताना त्याच पत्राचा आधार घेतला. या परिपत्रकावर आपल्याकडे परिसंवाद पुष्कळ झाले. आपल्या शाळांच्या वेळापत्रकात त्यामुळे काय बदलले, हा प्रश्न आम्ही स्वतःलाही विचारतो.

तो टाळता येणारा नाही, कारण किनारा वाट पाहत नाही. पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदराला जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याचा पायाभरणी समारंभ झाला. समुद्रात १,४४८ हेक्टर भराव प्रस्तावित आहे व मच्छीमारांचा त्याला विरोध आहे. बंदर हवे की नको, यावर आपल्या वाचकांत मतभेद असतील. पण त्या पट्ट्यातील मुलांनी आपल्या कातळांवर, आपल्या खाजणांत काय काय राहते हे स्वतःच्या वहीत नोंदवून ठेवलेले असावे, याला कोणाची हरकत असू नये. उद्या कोणी म्हणाले की येथे काहीच नव्हते, तर वही उघडता येईल.

आमच्या वसईचा बराचसा किनारा वाळूचा व गाळाचा. तेथे प्रवाळ शोधण्याचा हट्ट नको. निवट्या आहेत, कालवे आहेत, खेकड्यांची बिळे आहेत. सुरुवात त्यांच्यापासून व्हावी आणि मग एकदा मुंबईच्या कातळावर किंवा मालवणला जावे. मार्गदर्शक फार दूरचे शोधावे लागणार नाहीत. कोयता घेऊन कालवे फोडणारी कोळीण बाई कोणत्या कपारीत काय असते हे जाणते, आणि तिची मुले बहुधा आपल्याच शाळेत शिकतात. तिला एकदा वर्गात सन्मानाने बोलावून पाहावे.

एक व्यावहारिक अडचण उरते, जी तीच बाई प्रथम दाखवून देईल. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास आपल्या किनाऱ्यावर भरती भर दुपारी येते आणि सर्वांत मोठी ओहोटी सकाळी व सायंकाळी सहा-सातच्या आसपास लागते. शाळेचा एकही तास तिला गाठत नाही. पावसाळा सोडून, महिन्यातून दोनदा, दोन-तीन दिवस ही संधी असते. मुख्याध्यापकांनी वर्षारंभी सुट्ट्यांच्या यादीशेजारी भरती-ओहोटीचे कोष्टक लावावे, पायांत बूट असल्याखेरीज कोणाला कातळावर उतरू देऊ नये, काही उचलायचे नाही हे निघण्यापूर्वीच बजावावे, आणि पालकांच्या परवानगीच्या चिठ्ठीवर वेळ लिहावी : सायंकाळी पाच.