पेपर दोन, कांदा एक!

आपल्या हॉस्टेलमध्ये पेपर वाचणाऱ्यांच्या दोन पार्ट्या आहेत. पहिली पार्टी सकाळी मेसमध्ये एका हातात पोह्यांची प्लेट आणि दुसऱ्या हातात जिल्हा आवृत्ती घेऊन बसते. गावचं पाणी, एस.टी., बाजारभाव, मग क्रिकेट, की झालं वाचन! दुसरी पार्टी जीआरई आणि प्लेसमेंटचं वारं लागल्यावर तयार होते. ही मंडळी 'इकॉनॉमिस्ट' आणि 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या खाली उतरतच नाहीत. मराठी पेपर यांच्या लेखी कपाटात अंथरण्यापुरता!

मी या दुसऱ्या पार्टीतला. म्हणजे होतो.

झालं असं, की गेल्या वर्षी जीडीच्या प्रॅक्टिसला विषय निघाला कांदा निर्यातबंदीचा. केंद्र सरकारने ८ डिसेंबर २०२३ ला ही बंदी घातली होती. मी त्यावर परदेशी पेपरांत बरंच वाचलं होतं. महागाई, २०२४ ची लोकसभा निवडणूक, ढाका-काठमांडूत चढलेले भाव... सगळं धडाधड बोललो. शेवटी ऐटीत म्हणालो, "शेतकऱ्यांनी घाई न करता माल साठवायला हवा होता. भाव आल्यावर विकायचा!" सगळ्यांनी माना डोलावल्या. माझा रूम पार्टनर निफाड तालुक्यातला. तो तेवढा गप्प होता.

रात्री लाइट घालवल्यावर तो म्हणाला, "अरे, डिसेंबरातला कांदा लाल असतो. तो चाळीत टिकत नाही. टिकतो तो उन्हाळ कांदा. अण्णांनी मिळेल त्या भावाला दिला. त्या वर्षी माझी फी मामांनी भरली."

मला काय बोलावं सुचेना. सहा महिने एका खोलीत राहून मला हे माहीत नव्हतं. आणि ही काही गुपित गोष्ट नव्हती. नाशिककडच्या कुठल्याही पेपरचं शेतीचं पान उघडलं असतं तरी कळली असती. बंदी येताच लासलगावला लिलाव बंद पडले, शेतकरी रस्त्यावर आले, हेही तिथे पहिल्या पानावर होतं. मी जगाचं वाचत होतो, पण शेजारच्या कॉटवरचं वाचत नव्हतो.

पण थांबा, गोष्ट एकतर्फी नाही. पार्टनरला वाटत होतं, ४ मे २०२४ ला बंदी उठली आणि प्रश्न मिटला. बंदी उठली खरी, पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून. ते शुल्क पूर्ण जायला १ एप्रिल २०२५ उजाडलं. दरम्यान आपलं परदेशी गिऱ्हाईक पाकिस्तान, चीन, इजिप्तच्या कांद्याकडे वळत होतं. हे मी त्याला परदेशी बातम्यांतून दाखवलं. तो बराच वेळ वाचत बसला. म्हणाला, "म्हणजे आमचा भाव नुसता लासलगावात ठरत नाही तर!"

माझं म्हणणं एवढंच आहे. जवळच्या पेपरला बांध दिसतो, पण बंदर दिसत नाही. लांबच्या पेपरला बंदर दिसतं, पण बांध दिसत नाही. आपला पेपर नेत्यांच्या वाढदिवसाच्या जाहिरातींनी अर्धा भरतो, हे खरं. आणि परदेशी मासिकाला आपला जिल्हा आठवतो तो पूर आला किंवा निवडणूक लागली की, हेही तितकंच खरं. दोघांनाही दोष आहेत, म्हणून दोघेही लागतात.

ही काही नवी अक्कल नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ ला 'दर्पण' काढलं, त्यात मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी-शेजारी छापलेला असायचा. मराठीतलं पहिलं वृत्तपत्रच दोन भाषांचं! नानासाहेब परुळेकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकून आले आणि १९३२ साली पुण्यात त्यांनी 'सकाळ' काढला. परदेशातून शिकून येऊन त्यांनी लक्ष दिलं ते इथल्या बातमीकडे.

आता तुम्ही म्हणाल, "सबमिशन, जर्नल, युनिट टेस्ट... वेळ कुठाय?" मान्य. सगळं वाचू नका. आठवड्यातून एकच विषय घ्या, धरणाचा, ऊसदराचा, चिपच्या कारखान्याचा, कुठलाही. तो एकदा गावच्या पेपरात वाचा, एकदा परदेशी पेपरात. बातमीदार कुठून लिहितोय आणि कोणाशी बोललाय, एवढं बघा. वीस मिनिटांचं काम आहे. टपरीवरच्या एका कटिंगला याहून जास्त वेळ जातो!

ग्रंथपाल सरांना एक विनंती. रीडिंग रूममध्ये परदेशी मासिकं काचेच्या कपाटात आणि मराठी पेपर दाराजवळच्या बाकावर, अशी वाटणी आहे. दोन्ही एका टेबलावर ठेवता येतील का? आणि नोटीस बोर्डाच्या कोपऱ्यात दर सोमवारी एकाच बातमीची दोन कात्रणं लावू द्या. लावायचं काम आमचं.

पहिलं कात्रण माझा पार्टनर निवडणार आहे. दुसरं मी. आणि यावेळी बोलायच्या आधी मी त्याचंही वाचणार आहे.