चहाचा हॉल बांधताय? आधी ओटा चालवून बघा
चांदूर रेल्वेहून एका भावाचा फोन आला. "सर, गावाला बसायला, कार्यक्रमाला चहाचा हॉल बांधतो. काचेचं फ्रंट, एसी. लोन होतंय."

थांब भाऊ! मुंबईचं कयानी 1904 पासून चालतंय. इराण्यांनी कोपऱ्यावरच्या जागा धरल्या, म्हणजे दोन्ही रस्त्यांनी गिऱ्हाईक आत. पुण्याच्या अमृततुल्यात पितळी स्टोव्ह दर्शनी, वास हीच जाहिरात.

आपल्या वऱ्हाडात मे महिन्यात पारा 45 ला टेकतो, काचेमागे कोण बसणार? उंच छत, रुंद ओटा, निंबाची सावली, पाण्याचा माठ. भजनी मंडळ ओट्यावरही बसतं बरं का! हॉल नंतर. सोयाबीन-कपाशीचा पैसा दिवाळीच्या आसपास येतो, हप्ता दर महिन्याला. उन्हाळ्यातला हप्ता कशातून भरशील, ते आधी कागदावर लिहून पाठव.