विमानाचा तास आणि व्यापाऱ्याचा हिसाब

आपल्या व्यापारी बांधवांत हल्ली एक वाक्य वारंवार ऐकू येते : "औरंगाबादहून मुंबई, विमानाने फक्त एक तास!" औरंगाबाद म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर. ही गोष्ट खोटी नाही. पण तो विमानाचा तास आहे, व्यापाऱ्याचा नव्हे. व्यापाऱ्याचा वक्त दुकानाचे शटर ओढल्यापासून मालाचा सौदा होईपर्यंत मोजला पाहिजे.

अंतरवाली सराटीचेच उदाहरण घेऊ. 2023 च्या आंदोलनाने या गावाचे नाव देशभर गेले. अंबड तालुक्यातील या गावाहून पाचोडमार्गे चिकलठाणा विमानतळ पाऊणशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे दीड तास. उड्डाणाच्या दीड-दोन तास आधी पोहोचायचे. हवेत एक तास. मुंबईत उतरून भिवंडीच्या यंत्रमागापर्यंत उलटे यायला आणखी दोन तास. बेरीज सहा-साडेसहा तास होते.

आता रस्त्याचा हिसाब करा. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा असून त्याचा शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये खुला झाला. तो संपतो आमणे येथे आणि आमणे आहे भिवंडी तालुक्यात. म्हणजे कापडवाल्याला हा रस्ता थेट मागाच्या दाराशी नेतो. गावाहून मोटारीने पाच-सहा तास लागतील. शिवाय विमानात साधारण 15 किलो सामान चालते. त्यात कापडाची एक गाठही बसत नाही. टेम्पोत मात्र माल सोबतच येतो.

एकट्याने जायचे असेल तर रेल्वे आहे. जालना-मुंबई वंदे भारत 30 डिसेंबर 2023 रोजी सुरू झाली आणि 2025 मध्ये ती नांदेडपर्यंत वाढली.

जे बांधव चीनला माल पाहायला जातात त्यांनाही हेच लागू आहे. ग्वांगझूहून हांगझूचे विमान दोन-सव्वादोन तासांचे. पण कापडाचा मोठा बाजार आहे शाओशिंगजवळच्या कचाव येथे. विमानतळापासून बाजारापर्यंतचा वेळ आणि भाडे धरले नाही तर सौदा कागदावर स्वस्त आणि हातात महाग पडतो.

विमान वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. हिमरूची शाल वजनाला हलकी आणि मोलाला भारी. तिचा नमुना मोठ्या गिऱ्हाईकाला तातडीने दाखवायचा असेल तर तिकिटाचे पैसे जरूर खर्च करावेत. पण साध्या सुती मालाच्या नफ्यातून विमानाचे भाडे काढायचे म्हणजे ते शेवटी कारागिराच्या मजुरीतूनच निघते. दुकानदार थकलेली उधारी सांगतो, हप्ता पुढे ढकलतो आणि माग चालवणाऱ्याच्या घरी चूल अडते.

म्हणून आमची सूचना अशी : एका परिसरातील चार-पाच दुकानदारांनी महिन्यातून एकदा मिळून गाडी करावी, खरेदी एकत्र करावी आणि भाडे मालाच्या वजनाप्रमाणे वाटून घ्यावे. घाईत रात्रीचा प्रवास टाळावा. 1 जुलै 2023 च्या पहाटे याच समृद्धीवर बुलढाणा जिल्ह्यात खासगी बसच्या अपघातात 25 जण दगावले, हे विसरू नये.

माप-तोलात कमी देऊ नये ही आपल्या दीनची ताकीद आहे. गिऱ्हाईकाला कापड मोजून देतो, तसाच स्वतःचा वक्त आणि खर्चही पुरेपूर मोजावा. बरकत हिसाबातच असते.