अर्धा कोयता, पूर्ण सभासद

दसरा सरला की मराठवाड्यातल्या परंडा, भूम, वाशीच्या गावांतून ट्रक आणि ट्रॅक्टर भरू लागतात. पत्र्याची पेटी, पिठाचं पोतं, शेळी, कडेवरचं लेकरू. मग पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात फडावर पाच-सहा महिने मुक्काम. बाई पहाटेपासून ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडीत चढवते. मुकादमाच्या वहीत मात्र नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. उचल नवऱ्याच्या हातात पडते.

हा ऊस ज्या कारखान्यांत जातो त्यांतले कितीतरी सहकारी आहेत. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेला जी वाट पाडली, तिच्यावर चालून ऊस लावणारा कारखान्याचा मालक झाला. तोडणारा झाला नाही, तोडणारी तर नाहीच. महाराष्ट्राच्या सहकाराची ही सगळ्यात मोठी उणीव आहे.

घाम गाळणारी बाईच मालक होऊ शकते, हे मराठवाड्याच्याच लेकींनी पुण्यात दाखवलं आहे. १९७२च्या दुष्काळात गाव सोडून गेलेल्या अनेक दलित बायका तिथे कागद, काच, पत्रा वेचून जगल्या. १९९३ मध्ये बाबा आढावांच्या साथीनं त्यांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. पुढे ओळखपत्र आलं. चोर समजून हटकणाऱ्यापुढे धरता येईल असं काहीतरी हातात आलं. २००८ मध्ये त्यांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेनं महापालिकेशी करार केला. कुंडीत हात घालणारी बाई आता घराच्या दारात उभी राहून ओला-सुका कचरा वेगळा घेते. घरटी शुल्क तिचं, भंगाराचे पैसेही तिचेच. कराराचं नूतनीकरण लांबतं तेव्हा मोर्चा काढणाऱ्याही याच बायका.

गिरगावात १९५९ मध्ये सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्या ‘लिज्जत’मध्येही लाटणारी भगिनी मालकच असते.

परंड्यात बचत गट आहेत, मग आणखी काय हवं, असं कुणी विचारेल. गटातून कर्ज मिळतं, शेळी येते, शिलाई मशीन येतं. पण कामाचा ठेका कुणाकडे आणि दर कुणी ठरवायचा, हे प्रश्न जिथल्या तिथे राहतात. ते सोडवायला कामगार सहकारी संस्था लागते. १९६०च्या सहकार कायद्यानुसार त्यासाठी किमान दहा जण हवेत, तेही वेगवेगळ्या कुटुंबांतले. एका घरच्या सासू-सुना मोजून भागत नाही, दहा उंबरठ्यांनी एकत्र यावं लागतं. ऊसतोडीला जाणाऱ्या वस्तीवर दहा उंबरठे सहज निघतात.

धोका आहे, तो लपवू नये. मजूर संस्थांच्या पाटीआड ठेकेदार बसतो, ही तक्रार जुनी आहे. सह्यांपुरत्या बायका उभ्या करून इथेही तेच होऊ शकतं. म्हणून आधी हिशेब शिकवायला हवा: पासबुक कसं वाचायचं, ठराव कसा लिहायचा, सचिवाला जाब कसा विचारायचा. पहिली दोन-तीन वर्षं हे काम चिकाटीनं करणारी माणसं हवीत आणि त्यांच्या पगाराची तरतूद सरकारनं करावी.

काम कुठून आणायचं? नगरपरिषदेच्या हद्दीतला कचरा रोजच उचलावा लागतो. पहिला करार त्याचाच करता येईल. फक्त वेळ साधायला हवी. मुकादम उचल पावसाळ्यातच वाटून मोकळा होतो. दिवाळीच्या तोंडावर आलेली योजना त्या बाईच्या कामाची नाही, तोवर तिचा हंगाम विकला गेलेला असतो. संस्थेची नोंदणी आणि कामाचा करार आषाढाच्या आत तिच्या हातात पडायला हवा.