एकाच अंगणांत सत्तेचाळीस वर्षें

ज्या शाळेंत आपण पाटी फोडली, त्याच शाळेंत पुढें मास्तर म्हणून उभें राहण्याचें भाग्य—भाग्य म्हणावें कीं भोग, हें ज्याचें त्यानें ठरवावें—फार थोड्यांच्या वांट्यास येतें. बांकें तींच, घंटेचा टोला तोच, आणि जुने शिक्षक आपल्याकडे अजूनहि 'अमक्यांचा धाकटा' म्हणूनच पाहत असतात. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या घरांत असे गृहस्थ असतील. आज आम्ही ज्यांची हकीकत सांगणार आहों, ते मात्र सातासमुद्रांपलीकडचे असून त्यांचा विषय संस्कृत किंवा गणित नव्हता. तो होता बास्केटबॉल. 'खेळ शिकविण्यांत कसलें आयुष्य घालवावयाचें?' असें घरांतील वडील मंडळी विचारतील. त्यांनीं थोडा धीर धरावा, एवढीच विनंती.

अमेरिकेच्या न्यूयॉर्क संस्थानांत लायन्स नांवाचें एक लहानसें गांव आहे. तेथील जिम बेहाइम यांचा जन्म १९४४ सालचा. वडिलांचा धंदा प्रेतसंस्काराची व्यवस्था पाहण्याचा. १९६२ सालीं हा उंच, चष्मा लावणारा मुलगा सिराक्यूज विद्यापीठांत दाखल झाला. संघांत ये म्हणून त्याला कोणी बोलाविलें नव्हतें, खेळाची शिष्यवृत्तीहि नव्हती. आपण होऊन तो निवडीस उभा राहिला, टिकला, आणि मग शिष्यवृत्ति मिळविली. त्याच्या खोलीचा भागीदार होता डेव्ह बिंग. हा पुढें धंदेवाईक खेळांतील मोठा खेळाडू आणि २००९ ते २०१३ पर्यंत डेट्रॉइट शहराचा महापौर झाला. बेहाइम १९६६ सालीं पदवीधर झाले, थोडा काळ पैशासाठीं खेळले, आणि १९६९ सालीं मातृसंस्थेंत साहाय्यक म्हणून परतले. १९७६ सालीं मुख्य शिक्षक रॉय डॅनफोर्थ दुसऱ्या विद्यापीठांत गेले, तेव्हां त्यांच्या जागीं बेहाइम यांची नेमणूक झाली. वय होतें ३१. ती खुर्ची त्यांनीं सोडली २०२३ सालीं.

या आंकड्याचें नवल कां करावें, तें सांगितलें पाहिजे. अमेरिकेंतील विद्यापीठाच्या संघाचा शिक्षक म्हणजे संध्याकाळीं शिट्टी वाजविणारा आपल्याकडील ड्रिलमास्तर नव्हे. मोठ्या विद्यापीठांत त्याचा पगार पुष्कळदां कुलगुरूंहून अधिक असतो. दोनतीन वर्षें पराभवाचीं गेलीं कीं त्याच्या हातीं नारळ येतो. तो जिंकला, तर दुसरें विद्यापीठ थैली घेऊन दाराशीं उभें. त्यामुळें ही मंडळी बिऱ्हाडें बदलावीं तशीं गांवें बदलीत असतात. सिराक्यूजचा हिवाळा तर बर्फासाठीं कुप्रसिद्ध. तेथें १९८० सालीं घुमटाचें एक अवाढव्य क्रीडागृह उघडलें. बास्केटबॉलच्या मोठ्या सामन्यास त्यांत ३०,००० हून अधिक लोक जमत. बाहेर गुडघाभर बर्फ, आंत हा जनसमुदाय, आणि कडेला तेच चष्मेवाले गृहस्थ त्रासिक मुद्रेनें पंचांशीं वाद घालीत उभे—हें दृश्य तेथील दोन पिढ्यांनीं पाहिलें.

त्यांची विद्या एका बचावासाठीं ओळखली जाई. बहुतेक संघांत प्रत्येक गडी प्रतिपक्षाच्या एकेका गड्याच्या पाठीस सावलीसारखा लागतो. बेहाइम यांचे गडी माणसास न धरतां जागा धरीत: दोघे पुढें, तिघे मागें. आमच्या वाचकांस हें समजण्यास अडचण पडूं नये. एकत्र कुटुंबांत आजोबा ओसरी सांभाळतात, आजी देवघर, थोरल्या वहिनी स्वयंपाकघर. येणारा कोणीहि असो, ज्याच्या हद्दींत तो शिरेल त्यानें त्याची विचारपूस करावयाची. घोटाळा होतो तो दोन हद्दींमधल्या उंबरठ्यावर. 'मला वाटलें, तुम्ही पाहाल!' प्रतिपक्षहि नेमका तोच उंबरठा शोधीत असे.

एवढें असूनहि राष्ट्रीय अजिंक्यपद कांहीं हातीं लागेना. १९८७ सालीं न्यू ऑर्लिन्स येथें अंतिम सामना अवघी कांहीं सेकंदें उरलीं असतां हातांत होता. इंडियानाच्या कीथ स्मार्टनें चेंडू टोपलींत टाकला आणि ७४–७३ असा एका गुणानें घास हिरावला. १९९६ सालीं केंटकीनें हरविलें. मग २००३ साल उजाडलें. तेंच न्यू ऑर्लिन्स, तेंच क्रीडागृह, प्रतिपक्ष कॅन्सस. कार्मेलो अँथनी या अठरा वर्षांच्या पोरानें संघाला तेथवर आणलें होतें. शेवटच्या क्षणीं कॅन्ससनें बरोबरी करूं पाहणारा चेंडू फेंकला. हकीम वॉरिक दुरून झेपावला आणि त्यानें तो हवेंतच परतविला. ८१–७८. अँथनी त्याच वर्षीं विद्यापीठ सोडून धंदेवाईक खेळांत गेला. बेहाइम अर्थातच राहिले.

त्या रात्रीं हरलेल्या बाजूचे शिक्षक होते रॉय विल्यम्स, आणि त्यांची कथाहि येथेंच सांगावीशी वाटते. ते नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे विद्यार्थी. तेथें डीन स्मिथ या गुरूच्या हाताखालीं त्यांनीं दहा वर्षें साहाय्यकी केली आणि १९८८ सालीं ते कॅन्ससला गेले. २००० सालीं मातृसंस्थेनें बोलाविलें, तेव्हां आपल्या मुलांना टाकून जावेना म्हणून त्यांनीं नकार दिला. २००३ च्या पराभवानंतर घटकाभरांतच वार्ताहर बाईंनीं त्याच नाजुक विषयास हात घातला, आणि गृहस्थांच्या तोंडून देशासमक्ष अपशब्द निसटला. आठवड्याभरांत ते घरीं परतले. तेथें त्यांनीं २००५, २००९ व २०१७ अशीं तीन अजिंक्यपदें मिळविलीं, आणि २०२१ सालीं निवृत्ति घेतली. कधींच घर न सोडणारा थोर, कीं पंधरा वर्षें बाहेर राहून परतणारा? आमच्या घरांत यावर दोन तट पडले आहेत.

आतां अप्रिय भाग. २०१५ सालीं महाविद्यालयीन क्रीडांच्या राष्ट्रीय मंडळानें सिराक्यूजवर ठपका ठेवला. एका खेळाडूची पात्रता परत मिळावी म्हणून त्याचा निबंध पुरा करण्यांत संघाच्या कचेरींतील मंडळींनीं हात दिला होता. मादक पदार्थांविषयींचे विद्यापीठाचेच नियम पाळले गेले नव्हते. बाहेरच्या एका हितचिंतकाकडून कांहीं खेळाडूंना पैसे मिळाले होते. बेहाइम यांनीं हें स्वतः केलें असें मंडळ म्हणत नव्हतें. त्यांनीं लक्ष ठेवलें नाहीं, असें म्हणत होतें. त्यांना नऊ सामने बाहेर बसविलें आणि १०१ विजय दप्तरांतून पुसून टाकले. म्हणून दप्तर त्यांचे १,०१५ विजय दाखवितें, आणि ज्यांनीं ते डोळ्यांनीं पाहिले ते १,११६ म्हणतात.

आम्हांस विचाराल, तर कर्त्या पुरुषास 'मला ठाऊक नव्हतें' हें उत्तर शोभत नाहीं. चाळीस वर्षें ज्या घराच्या किल्ल्या आपल्या कमरेला, त्या घरांत काय शिजतें हें आपणच पाहावयाचें. पण न्यायाची तऱ्हाहि पाहा. शिक्षेच्याच हंगामांत, २०१६ सालीं, बेहाइम यांचा संघ अखेरच्या चारांत पोहोंचला आणि ८३–६६ असा हरला तो विल्यम्स यांच्या नॉर्थ कॅरोलायनाकडून. त्या विद्यापीठांत तर वर्ग न भरतां केवळ एका निबंधावर गुण देणारे पाठ वर्षानुवर्षें चालले होते. २०१७ सालीं त्याच राष्ट्रीय मंडळानें निकाल दिला कीं, ते पाठ सर्व विद्यार्थ्यांना खुले असल्यामुळें आमच्या नियमांचा भंग होत नाहीं. सबब शिक्षा नाहीं! रामशास्त्र्यांस पाचारण करावें असें आमच्या मनांत आलें.

अखेरचीं वर्षें ओढगस्तीचींच गेलीं. २०२१–२२ सालीं बडी आणि जिमी हे दोघे पुत्र बापाच्या संघांत एकत्र खेळले, आणि नेमक्या त्याच वर्षीं विजयांहून पराभव अधिक झाले: १६ विजय, १७ पराभव. उभ्या कारकीर्दींत असें प्रथमच घडलें. ८ मार्च २०२३ रोजीं ग्रीन्सबरो येथें वेक फॉरेस्टनें शेवटच्या फेंकीवर ७७–७४ असें हरविलें. 'आतां निवृत्त होणार काय?' या प्रश्नास बेहाइम यांनीं उत्तर दिलें कीं, तें विद्यापीठावर अवलंबून आहे. कांहीं तासांतच विद्यापीठाचें पत्रक निघालें. ते निवृत्त झाले कीं त्यांना निवृत्त केलें, हें त्यावरून नीट उमगेना. पत्रकांत नव्या शिक्षकाचें नांव मात्र स्पष्ट होतें: एड्रियन ऑट्री. १९९० ते १९९४ पर्यंत बेहाइम यांच्याच हाताखालीं खेळलेला, त्याच विद्यापीठाचा विद्यार्थी. घुमटाखालच्या लांकडी मैदानास बेहाइम यांचें नांव २००२ सालींच दिलेलें होतें. पुढच्या हिवाळ्यांत ऑट्री यांचा संघ त्याच मैदानावर उतरला.