चित्रामागचे शब्द

आपल्या घराण्याचें संकेतस्थळ काढून त्यावर वंशावळ, कुलदैवताचें चित्र, जुनीं छायाचित्रें आणि संमेलनाचें निमंत्रण प्रसिद्ध करण्याची हौस हल्लीं पुष्कळ कुटुंबांत दिसून येते. हौस स्तुत्यच आहे. परंतु चित्र चढवितांना 'पर्यायी मजकूर', संगणकाच्या भाषेंत 'आल्ट', नांवाची एक लहानशी चौकट समोर येते, तिच्याकडे आमची तरुण मंडळी बहुधा ढुंकूनही पाहत नाहीं.

या चौकटींतील शब्द पानावर दिसत नाहींत. ते ऐकावयाचे असतात. ज्यांची दृष्टि गेली आहे, असे लोक स्क्रीन रीडर नांवाच्या साधनाच्या साह्यानें संगणक वापरतात. तें पडद्यावरील मजकूर मोठ्यानें वाचतें, किंवा ब्रेल लिपींत बोटांखालीं उमटवितें. चित्र आलें कीं तें हाच पर्यायी मजकूर वाचतें. तो नसल्यास कधीं गप्प बसतें, कधीं 'आयएमजी शून्य चार सात दोन' असें फाइलीचें नांव घोकतें. काचबिंदूनें दृष्टि गेलेल्या आजोबांच्या वांट्यास स्वतःच्याच सहस्रचंद्रदर्शनाचें एवढेंच वर्णन यावें, हें आम्हांस बरें वाटत नाहीं.

आणि हा प्रश्न केवळ दयेचा आहे असेंही नाहीं. सिडनी येथील ऑलिंपिक सामन्यांच्या संकेतस्थळावर चित्रांना पर्यायी मजकूर नाहीं, म्हणून ब्रूस मॅग्वायर या अंध गृहस्थांनीं १९९९ सालीं ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क आयोगाकडे तक्रार केली. दुरुस्तीस एका माणसाचें वर्षभराचें काम व २२ लाख डॉलर लागतील, असें आयोजक समितीचें म्हणणें पडलें. आयोगास तें पटलें नाहीं. ऑगस्ट २००० मध्यें निकाल मॅग्वायर यांच्या बाजूनें लागला. सामने १५ सप्टेंबरला सुरू झाले तरी दुरुस्ती पुरती झाली नव्हती, तेव्हां समितीवर २०,००० डॉलरची भरपाई बसली. एका चौकटीचा आळस इतका महाग पडला!

आतां लिहावें काय? चित्र तेथें कशासाठीं आहे, त्यावर तें अवलंबून. एकच पैठणी घ्या. दुकानदाराच्या पानावर रंग, कांठ आणि पदरावरील मोर सांगावयास हवेत. लग्नाच्या चित्रांत तीच पैठणी 'आजीची जांभळी पैठणी नेसून सप्तपदी चालणारी नात' एवढ्यांत संपते, आणि तेथें तेंच पुरेसें असतें. 'हें छायाचित्र आहे' असें सांगण्याचें कारण नाहीं, तें साधन आपण होऊन सांगतें. एकदोन वाक्यें पुरेत. निव्वळ शोभेच्या वेलबुट्टीस मात्र कांहींच लिहूं नये. तिचें चित्र शोभेचें असल्याची खूण केली कीं साधन तेथें न थांबतां पुढें जातें.

गुगलसारखीं शोधयंत्रेंही चित्र कशाचें आहे हें ओळखतांना या मजकुराचा आधार घेतात. ही गोष्ट व्यापाऱ्यांच्या कानीं गेल्यापासून 'पैठणी, स्वस्त पैठणी, येवला पैठणी, लग्नाची पैठणी' असा जप चौकटींत भरण्याची युक्ति निघाली. ऐकणाराच्या कानाला तो किती जाच! गुगलच्या स्वतःच्या मार्गदर्शनांतही अशी भरताड करूं नये असेंच सांगितलें आहे. माणसासाठीं नीट लिहिलेलें वाक्य यंत्रासही कळतें, मग हा जप हवा कशाला?

सर्वांत मोठी अडचण निमंत्रणपत्रिकेची. ती सुंदर रंगवून चित्ररूपानेंच चढवितात, आणि तिथि, वेळ, कार्यालयाचा पत्ता हें सारें त्या चित्रांत बंद होतें. हा मजकूर पत्रिकेखालीं साध्या अक्षरांत पुन्हां लिहावा. वंशावळीचेंही तेंच: दहा पिढ्यांचा वृक्ष एका चौकटींत मावणार नाहीं, तेव्हां चौकटींत 'वंशवृक्ष, नांवें खालीं दिलीं आहेत' इतकेंच लिहून त्याखालीं मूळ पुरुषापासून पिढीवार नांवें मांडावीं, आणि लेकीसुनांचीं नांवेंही त्यांत गाळूं नयेत.